घरातले पाणी आणि नित्यकर्म

घरातले नळ, गच्चीवरची टाकी, मोरी आणि सांडपाण्याची वाट यांची ऋतूगणिक देखभाल हा घरमालकाच्या सोयीचा भाग मानावा की त्याच्या धर्माचा? भारतीय धर्मविचारात पाणी देणे, पाणी साठवणे आणि पाण्याने शुद्ध होणे यांची थोरवी सर्व परंपरांनी सांगितली आहे. पाण्याची व्यवस्था टिकवून धरण्याविषयीचा विचार मात्र विखुरलेला आहे आणि बराचसा दुर्लक्षितही. तो एकत्र करून पाहिला म्हणजे दोन गोष्टी लक्षात येतात. डागडुजीचे कर्तव्य दानाच्या नव्हे, नित्यकर्माच्या जातीचे आहे. आणि त्यातली कसूर ज्याला भोगावी लागते, तो माणूस बहुधा कसूर करणारा नसतो.

धर्मशास्त्राने पुण्यकर्मांचे इष्ट आणि पूर्त असे दोन भाग केले. यज्ञयाग हे इष्ट. विहीर, तळे, देवालय, बाग, अन्नदान हे पूर्त. इष्टाचा अधिकार मोजक्यांनाच होता, पूर्त मात्र स्त्रिया आणि शूद्र यांनाही खुले होते. तळे खोदून झाल्यावर त्याचा उत्सर्ग करायचा, म्हणजे ते विधिपूर्वक सर्व प्राण्यांसाठी सोडून द्यायचे. उत्सर्गानंतर बांधणाऱ्याचा त्या पाण्यावर इतरांपेक्षा अधिक हक्क उरत नसे. ही कल्पना उदात्त आहे. पण तिच्या पोटात एक अडचण आहे: जे सर्वांचे झाले त्याचा गाळ कोणी काढायचा?

स्मृतिकारांना ही अडचण दिसली होती. विष्णुस्मृतीने सांगितले की विहीर, बाग, तळे किंवा देवालय यांची दुरुस्ती करणाऱ्याला मूळ बांधणाऱ्याइतकेच फळ मिळते. याज्ञवल्क्यस्मृतीचा नियम त्याहून व्यावहारिक आहे. दुसऱ्याच्या तळ्यात स्नान करायचे असेल तर आधी मातीचे पाच गोळे बाहेर काढावेत, त्याशिवाय स्नान करू नये. वापरणाऱ्या प्रत्येकाने आपल्या वाट्याचा गाळ उपसूनच पाण्यात उतरायचे, असा त्याचा सरळ अर्थ लावता येतो. पुढे हा नियम सुटला, किंवा नुसता उपचार म्हणून उरला. जलव्यवस्थेच्या इतिहासात त्याच्याइतका नेमका नियम क्वचितच सापडेल.

कौटिल्याने पुण्याचा हिशेब बाजूला ठेवून करसवलतीचा मार्ग घेतला. नवे तळे किंवा बंधारा बांधणाऱ्याला पाच वर्षांची करमाफी, मोडून टाकून दिलेला दुरुस्त करणाऱ्याला चार वर्षांची, झाडाझुडपांनी भरलेला साफ करणाऱ्याला तीन वर्षांची. शिवाय जलाशय पाच वर्षे वापराविना पडून राहिला तर, आपत्तीचा काळ वगळता, त्यावरची मालकी संपते असेही अर्थशास्त्र सांगते. म्हणजे मालकी ही केवळ खरेदीने मिळत नाही, निगराणीने टिकते. दुरुस्तीचे मोल नव्या बांधकामाहून एकाच पायरीने खाली धरले आहे, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या सुदर्शन तलावाची कथा या विचाराची प्रत्यक्ष साक्ष देते. चंद्रगुप्त मौर्याच्या काळात पुष्यगुप्ताने तो बांधला आणि अशोकाच्या काळात तुषास्फाने त्याला कालवे जोडले. इ. स. १५० च्या सुमारास मोठ्या वादळात त्याचा बांध फुटला. रुद्रदामन राजाच्या शिलालेखानुसार भगदाड ४२० हात लांब होते. त्याचे सल्लागार खर्चाला आणि कामाच्या आवाक्याला कचरले, लोक निराश झाले. तेव्हा राजाने प्रजेवर कर न लादता स्वतःच्या खजिन्यातून बांध पुन्हा उभारला आणि ते काम सुविशाख या अधिकाऱ्याने पार पाडले. पुढे स्कंदगुप्ताच्या काळात, इ. स. ४५५ मध्ये, तो पुन्हा फुटला आणि चक्रपालिताने पुढच्या वर्षी दुरुस्त केला. जुनागढच्या एकाच खडकावर अशोक, रुद्रदामन आणि स्कंदगुप्त यांचे लेख आहेत. त्यांतल्या दोहोंत दुरुस्ती ही राजाच्या कीर्तीची गोष्ट म्हणून कोरली गेली.

पण राजाच्या दुरुस्तीला शिलालेख मिळतो, घरातल्या नळाचा वॉशर बदलल्याला मिळत नाही. म्हणून घरगुती देखभालीचा विचार पुण्याच्या भाषेत नीट बसत नाही. त्यासाठी मीमांसकांनी केलेले कर्मांचे वर्गीकरण अधिक उपयोगी पडते. काम्यकर्म फळाच्या इच्छेने करायचे. नैमित्तिक कर्म विशिष्ट प्रसंग आला म्हणजे करायचे. नित्यकर्म रोज, ठरल्या वेळी, फळाची अपेक्षा न धरता करायचे. नित्यकर्म केल्याने वेगळे पुण्य लागत नाही, पण न केल्याने प्रत्यवाय, म्हणजे दोष लागतो. संध्या हे त्याचे नेहमीचे उदाहरण. तळे बांधणे काम्य आहे. त्यातून स्वर्ग, कीर्ती, संतती यांची आशा धरता येते. टाकी धुणे, चेंबर उपसणे, गच्चीच्या पन्हळी मोकळ्या करणे यांना असे फळ नाही. ती कामे केली तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडणे हेच त्यांचे यश असते.

नित्यकर्माच्या या कल्पनेवर शंकराचार्यांनी मूलगामी आक्षेप घेतला आहे. न करणे हा अभाव आहे आणि अभावातून भाव उत्पन्न होत नाही. मग न केलेल्या कर्मातून दोष कसा जन्मेल? कर्म टाळणे हे आधीच साचलेल्या पापाचे चिन्ह असू शकते, त्याचे कारण नव्हे, अशी त्यांची मांडणी आहे. तर्क म्हणून ती बिनतोड वाटते. घरातल्या पाण्याकडे पाहिले म्हणजे मात्र तिच्या मर्यादा कळतात. येथे न करणे हा कधीच कोरा अभाव नसतो. रबराचा वॉशर झिजत असतो, लोखंडी पाइप आतून गंजत असतो, टाकीच्या तळाशी गाळ बसत असतो, झाडाची मुळे सांडपाण्याच्या नळीचा सांधा शोधत असतात. माणूस थांबला तरी पाणी थांबत नाही. हात आखडता घेणे म्हणजे चालू प्रक्रियेला मोकळे रान देणे होय, आणि त्यातून दोष निर्माण होण्यास कोणतीही तार्किक आडकाठी नाही. किमान जड वस्तूंच्या व्यवहारात तरी मीमांसकांचा पक्ष अधिक खरा ठरतो.

या कर्तव्याला ऋतूंचे बंधन का असावे, याचेही उत्तर वैदिक परंपरेत आहे. चातुर्मास्य याग ऋतूंच्या सांध्यावर केले जात: फाल्गुनात वैश्वदेव, आषाढात वरुणप्रघास, कार्तिकात साकमेध. ऋतुसंधीच्या वेळी रोग उद्भवतात, म्हणून हे याग औषधरूप आहेत, असे स्पष्टीकरण ब्राह्मणग्रंथांत आढळते. पावसाळ्याच्या तोंडावरचा याग जलदेवता वरुणाच्या नावाने असावा हे योग्यच आहे. विधीचा भाग सोडला तरी निरीक्षण अचूक आहे. घरातल्या जलव्यवस्थेचे दोष ऋतू बदलताना उघडे पडतात आणि त्याच वेळी ते दुरुस्त करता येतात.

महाराष्ट्रात हा मुख्य सांधा मृग नक्षत्राच्या आधीचा, म्हणजे मे महिन्याचा. गच्चीवर वर्षभर साचलेला पालापाचोळा काढून पावसाळी पाइपाच्या तोंडावरची जाळी साफ करणे, कौलारू घराच्या पन्हळी आणि त्यांचे उतार तपासणे, अंगणातले चेंबर उघडून गाळ काढणे ही कामे तेव्हाच करावी लागतात. पहिल्या जोरदार सरीत तुंबलेली जाळी गच्चीचे तळे करते आणि ते पाणी स्लॅबमध्ये मुरते. देवळांच्या बांधणीत या बाहेर जाणाऱ्या पाण्याचा विचार आदराने केलेला दिसतो. गाभाऱ्यातले अभिषेकाचे पाणी बाहेर नेणाऱ्या प्रणालाला मकरमुख किंवा गोमुख दिले जाते, आणि शिवमंदिरात प्रदक्षिणा घालणारा भक्त ती वाट न ओलांडता मागे फिरतो. देवाच्या घरी निचऱ्याच्या वाटेला मान होता, माणसांच्या घरी मात्र ती नेहमी मागील दारीच राहिली.

पावसाळा संपल्यावर, कार्तिकाच्या सुमारास, भिंतींवरची ओल दिसू लागते आणि गळतीची जागा ओळखता येते. ओल सुकण्याआधी खूण करून ठेवली तर उन्हाळ्यात दुरुस्ती नेमकी होते. गढूळ पाण्याबरोबर आलेला गाळ टाकीच्या तळाशी बसलेला असतो, म्हणून टाकी धुण्याची हीच वेळ. थंडीचे महिने महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी सौम्य असल्याने हिमप्रदेशातल्यासारखे पाइप फुटत नाहीत; तेव्हा फारसे काम नसते. उन्हाळ्यात बंद राहिलेल्या घराच्या नाहणी ट्रॅपमधले पाणी आटते. ते सुमारे दोन इंचांचे पाणीच गटारातला वायू आणि झुरळे अडवून धरत असते, म्हणून अशा घरात अधूनमधून प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओतावे लागते.

गळक्या नळाचा प्रश्न सर्व ऋतूंचा, पण उन्हाळ्यात तो नैतिक रूप धारण करतो. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात. थेंब पाव मिलिलिटरचा धरला तर ते सुमारे साडेएकवीस लिटर पाणी होते. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटरचे प्रमाण धरले आहे. म्हणजे एका गळक्या नळातून एका माणसाच्या हिश्श्यातला तिसऱ्या भागाहून जास्त वाटा वाहून जातो. इस्लामी परंपरेत या बाबतीत एक कडक कसोटी सांगितलेली आहे: वाहत्या नदीकाठी वुजू, म्हणजे नमाजापूर्वीची अंगशुद्धी, करतानाही पाण्याची उधळपट्टी करू नये, असा पैगंबरांचा उपदेश इब्न माजा यांच्या हदीससंग्रहात नोंदलेला आहे. नदीकाठी पाणी वाया घालवल्याने कोणाचे काही कमी होत नाही, तरीही ते निषिद्ध आहे. उधळपट्टीचा दोष टंचाईवर अवलंबून नाही, अशी ही भूमिका आहे. जैनांच्या अपरिग्रहातून आणि पाणी गाळून घेण्याच्या नियमातूनही याच दिशेचा विचार दिसतो, फक्त तेथे भर पाण्यातल्या जीवांवर आहे.

तरीही उधळपट्टी हा या प्रश्नाचा सर्वांत गंभीर भाग नाही. दोष भोगतो कोण, हा खरा प्रश्न आहे. संध्या चुकवणाऱ्याचा प्रत्यवाय त्याच्याच माथी बसतो. पाण्याच्या कामात चुकणाऱ्याचा दोष भिंती ओलांडून जातो. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराची गळती खालच्या घराच्या छतावर उमटते, एवढे तर सर्वांना ठाऊक असते. न दिसणारे प्रकार याहून वाईट आहेत. भारतातल्या बहुतेक शहरांत पाणी दिवसातून काही तासच येते. पाणी बंद झाल्यावर जलवाहिनीतला दाब उतरतो, आणि घराच्या जोडणीचा पाइप जर गटारातून गेलेला व गंजून सच्छिद्र झालेला असेल, तर बाहेरचे सांडपाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी ते पहिल्या पाण्याबरोबर गल्लीतल्या घरांत पोचते. पावसाळ्यातल्या कावीळ आणि जुलाबांच्या साथींमागे हे एक नेहमीचे कारण असते. एका घराने पाइप बदलण्याचा खर्च पुढे ढकलावा आणि चार घरे पलीकडचे मूल आजारी पडावे, असा हा व्यवहार आहे.

झाकण नसलेल्या टाकीचेही तसेच. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस पुरतात, म्हणून आरोग्य विभाग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्यास सांगतो. पिंप, हौद, फुलदाणीखालच्या बशा त्या दिवशी रिकाम्या करायच्या. नुसते रिकामे करून भागत नाही. या डासाची अंडी पाण्याच्या पातळीलगत भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जिवंत राहू शकतात, त्यामुळे भांडे आतून घासावे लागते. कोरडा दिवस हे एक साप्ताहिक व्रतच आहे, आणि ते एकाच घराने पाळून फळत नाही.

येथे शुद्धीच्या कल्पनेशी सामना होतो. पाण्याच्या पावित्र्याचा विचार करताना धर्मव्यवहाराने फार काळ चुकीच्या ठिकाणी पाहिले. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरातला पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी प्यायले, तेव्हा सनातन्यांनी तळे बाटले असे ठरवून शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी त्यात ओतल्या. माणसांच्या ओंजळीने न बिघडलेले पाणी शेणाने शुद्ध झाले, असे मानले गेले. त्या तळ्याच्या पाण्यावरील हक्क मुंबई उच्च न्यायालयात सिद्ध व्हायला १९३७ साल उजाडले. वर ज्या स्मृतींच्या नियमांचा आधार घेतला, त्यांच्याच कुळातली मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली, हेही येथेच नोंदले पाहिजे. मनुस्मृती तळे फोडणाऱ्याला देहदंड सांगते आणि पाण्यात घाण टाकण्यास मनाई करते; पाणी कोणाचे, या प्रश्नाचे तिचे उत्तर मात्र माणसामाणसांत उतरंड लावणारे आहे. तिच्यातला जलविषयक विवेक घ्यायचा तर तो ही उतरंड पूर्णपणे नाकारूनच घेता येतो.

बौद्ध संघाच्या नियमांत या कामाची वाटणी अधिक समतेने झालेली दिसते. विनयपिटकातील चुल्लवग्गात शौचालयाचे नियम तपशिलाने दिले आहेत. ते अस्वच्छ दिसले तर पाहणाऱ्या भिक्खूने झाडावे, धुण्याच्या भांड्यात पाणी नसेल तर भरून ठेवावे. आत जाण्याचा क्रम ज्येष्ठतेचा नव्हे, आलेल्या वेळेचा. कोसंबीच्या भिक्खूंमध्ये झालेली प्रसिद्ध फूट, धम्मपदाच्या अट्ठकथेनुसार, शौचालयातल्या भांड्यात उरलेले पाणी तसेच ठेवले या कारणावरून सुरू झाली. फूट पडण्यास हे कारण क्षुल्लक होते हे खरे. परंतु मागाहून येणाऱ्यासाठी जागा कशी सोडावी हा संघाच्या दृष्टीने शीलाचा विषय होता, हेही त्यावरून दिसते.

आता उरतो तो काम दुसऱ्याकडून करवून घेण्याचा प्रश्न. बहुतेक घरमालक प्लंबर बोलावतात, आणि त्यात गैर काही नाही. मीमांसेत यजमान ऋत्विजांना दक्षिणा देऊन याग करवून घेतो. हात ऋत्विजांचे, पण कर्माचा अधिकार आणि फळ यजमानाचे. दक्षिणा दिली म्हणून कर्म ऋत्विजाचे होत नाही. हाच न्याय लावला तर मजुरी चुकती केल्याने घरमालकाची जबाबदारी संपत नाही, ती त्या कामाच्या शेवटापर्यंत त्याच्याकडेच राहते. इमारतीत यजमान कोण हे ठरवणे थोडे अवघड असते. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी ढोबळ विभागणी केली आहे: गच्चीची आणि बाहेरच्या पाण्याची गळती संस्थेने दुरुस्त करायची, घरातल्या संडास-मोरीची ज्याची त्याने. वाद बहुतेकदा या दोहोंच्या सीमेवर होतात आणि तोवर पाणी मुरत राहते.

जबाबदारीची खरी कसोटी सेप्टिक टँकपाशी लागते. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेनसारखे वायू साचतात. आत उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडू शकतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. हे काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्या माणसांवर लादले गेले. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना गटार वा सेप्टिक टँक साफ करण्यासाठी कोणालाही कामाला लावणे हा गुन्हा ठरवला, आणि पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. हा नियम सरकारी यंत्रणांइतकाच खाजगी घरमालकालाही लागू आहे.

कायद्याच्या कितीतरी आधी कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी हा प्रश्न धर्माचा म्हणून हाती घेतला होता. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम करण्याचा हक्क मागितला आणि तो नाकारला गेल्यावर अन्नत्यागाचा मार्ग धरला; येरवड्यातून गांधींनीही उपवास करून त्यांना साथ दिली. गाडगेबाबांनी खराट्याने गावोगाव जे केले, तेच पटवर्धनांनी रचनेच्या अंगाने पुढे नेले. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे खत करणाऱ्या संडासाचे प्रयोग केले. त्यांच्या कामाचे मोल असे की कोणते काम हलके आणि कोणते पवित्र ही चर्चा करत न बसता, ते काम कोणाही माणसाला अपमानाविना करता येईल अशी रचना त्यांनी शोधली.

आजच्या घरमालकापुरते हे कर्तव्य ठरावीक आहे. सेप्टिक टँक दर दोन-तीन वर्षांनी, कोरड्या ऋतूत, पंप असलेल्या टँकरने उपसून घ्यायचा. त्याची झाकणे आणि वायू बाहेर नेणारी नळी शाबूत ठेवायची. कोणत्याही कारणाने माणूस आत उतरवायचा नाही, मग तो स्वतः तयार असला तरी. उपसलेला मैला टँकरवाल्याने प्रक्रिया केंद्रात नेला की जवळच्या ओढ्यात सोडला, हे विचारून घेण्यापर्यंत ही जबाबदारी पोचते, कारण ओढ्याच्या खालच्या अंगाला कोणाची तरी विहीर असते.